या हातातून त्या हातात

काही वर्षांपूर्वी पुण्यात एका रद्दीच्या दुकानात उभा होतो. दुकानदार जुन्या मासिकांचा गठ्ठा तागडीत टाकीत होता. त्या गठ्ठ्यात एक जाडजूड पुस्तक दिसले. पुठ्ठा निघालेला, मुखपृष्ठ गेलेले. पण पानांच्या माथ्यावर छापलेले नाव वाचता येत होते : 'पण लक्षात कोण घेतो?' हरि नारायण आपटे यांची कादंबरी. मी ती उचलली, तेव्हा दुकानदार म्हणाला, "साहेब, ते फाटलंय. त्यातलीच चांगली प्रत काढून देतो की!" मी म्हटले, "नको, हीच द्या."

मला मोह पडला तो आतल्या एका कोऱ्या पानाचा. ते पान कसेबसे दोऱ्याला धरून राहिले होते. त्यावर तीन हस्ताक्षरे होती. सर्वांत वर टाकाने लिहिलेल्या मोडीतल्या दोन ओळी : मालकाचे नाव, आणि 'वाचून परत करणे'. त्याखाली बाळबोध अक्षरात दुसऱ्याच एका गृहस्थाचे नाव. आणि अगदी तळाशी शिसपेन्सिलीने, नुकतीच मुळाक्षरे गिरवून झालेल्या हाताने लिहिलेले एका बाईचे नाव, मागे 'सौ.' लावून. नावे मी इथे सांगत नाही. कोणाच्या तरी घरची ती. पण या तीन हस्ताक्षरांतून एक गोष्ट उघड होती. पुस्तक परत गेलेच नव्हते. ते पुढे गेले होते.

आपल्याकडे पूर्वी पोथी असे. ती रुमालात बांधून ठेवलेली, सोवळ्यात वाचायची. पोथी लिहिणारा शेवटी विनवणी करी, की हिला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, बांधणी सैल होऊ देऊ नका आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. म्हणजे ग्रंथ जपायचा तो दुसऱ्याच्या हातापासून! छापखाने आले आणि हे हळूहळू बदलले. छापील पुस्तकाला सोवळे राहिले नाही. ते टपालाने येई, पिशवीतून जाई, उशीखाली निजे.

हरिभाऊंनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले. 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० ते १८९३ या काळात त्यातून क्रमशः आली. तो काळ आठवा. त्याच १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली, आणि विधवांचे केस आपण उतरवणार नाही असा निर्धार तिथे झाला. पुढच्याच वर्षी संमतिवयाचा कायदा झाला आणि त्यावरून महाराष्ट्रात रणे माजली. सभा, व्याख्याने, अग्रलेख यांचा नुसता पाऊस. पण हे सारे वाद ज्या बायकांविषयी चालले होते, त्यांतल्या किती जणींच्या कानांवर ते जात होते? सभा पुरुषांच्या, वर्तमानपत्रे ओटीवर. माजघरात त्यांतले काय पोहोचायचे?

आणि कादंबरी पाहावी तर यमूची. यमू स्वतःच आपली हकीकत सांगते : माहेर, लग्न, सासर, नवऱ्याचा चांगुलपणा, मुंबईचे ते थोडे सुखाचे दिवस, वैधव्य आणि नंतर शंकरमामंजींनी चालवलेला छळ. बोलणारी बाई घरातल्या भाषेत बोलते. त्यात अवघड संस्कृत शब्द नाहीत, व्याख्यान नाही. ज्यांना हे समजायला कोशाची गरज नव्हती, त्या मात्र पुस्तकापासून सर्वांत दूर होत्या. १९०१ सालच्या जनगणनेत हिंदुस्थानातल्या साक्षर स्त्रियांचे प्रमाण शेकडा एकही भरले नाही.

वाचनालये होती. रत्नागिरीचे १८२८ सालचे, पुण्याचे १८४८ सालचे. आणि ही कादंबरी पुरी झाली त्याच १८९३ साली ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले. पण बाईमाणसाने एकटीने वाचनालयाची पायरी चढावी, असे ते दिवस नव्हते. म्हणून तिच्यापर्यंत पुस्तक यायचे तर कोणीतरी ते आणून दिले पाहिजे. भाऊ शिकायला पुण्या-मुंबईस असला तर सुट्टीत ट्रंकेतून आणील. नवरा हौशी असला तर रात्री दिव्याशी बसून वाचून दाखवील. शेजारीण वाचणारी असली तर दुपारी चार जणी निवडणे-टिपणे घेऊन तिच्याभोवती बसतील. एकीने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. एका प्रतीमागे वाचणारे किती आणि ऐकणारे किती, हे कोणत्याही छापखान्याच्या वहीत सापडायचे नाही.

हे देणे सोपे नव्हते बरे का! न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाई यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत लिहिले आहे, की पती शिकवीत होते तरी घरातल्याच वडीलधाऱ्या बायकांचा त्यांच्या शिकण्याला केवढा विरोध होता. रानड्यांच्या घरी ही तऱ्हा, मग इतरांची काय कथा? काशीबाई कानिटकरांचेही तसेच. लग्न होऊन सासरी आल्यावर त्या वाचायला शिकल्या, आणि पुढे स्वतः 'रंगराव' ही कादंबरी लिहिण्यापर्यंत पोहोचल्या. त्यांचा आणि हरिभाऊंचा साहित्यस्नेह प्रसिद्धच आहे. तेव्हा बायकोच्या किंवा बहिणीच्या हाती कादंबरी ठेवणे म्हणजे घरात एक पक्ष घेणे होते. जे तोंडाने बोलायची छाती होत नव्हती, ते पुस्तक पुढे करून सांगता येई. "हे वाच" एवढे दोनच शब्द. त्यांत सारे आले.

आपल्यात एक जुने सुभाषित आहे. त्याचा आशय असा, की पुस्तक, बायको आणि पैसा ही दुसऱ्याच्या हाती गेली की गेलीच. परत आली तरी धड येत नाहीत. लहानपणी आम्ही ते हसत हसत म्हणत असू. आता मनात येते, की या सुभाषितात पुस्तक आणि बाई एकाच ओळीत बसवली आहेत, दोन्ही कोणाच्या तरी मालकीची म्हणून. ज्याने प्रथम ही कादंबरी घरातल्या बाईच्या हाती दिली, त्याने त्या सुभाषिताची घडी मोडली. बाई हाती असायची ती वस्तू राहिली नाही, तिच्याच हाती पुस्तक आले.

पुढे वाटा रुंद झाल्या. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल आणवले, आणि मग पुस्तकांनी भरलेल्या पेट्या संस्थानातल्या गावोगाव फिरू लागल्या. जी गोष्ट भाऊ ट्रंकेतून करीत होता, तीच दरबारने पेटीतून केली. शाळा वाढल्या, मुली शिकल्या. आता ही कादंबरी वाचायला कोणाची परवानगी लागत नाही. नवी प्रत मिळते. हातातल्या फोनवरही वाचता येते.

मग या फाटक्या प्रतीचे एवढे काय? त्या तिसऱ्या नावाविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. त्या नावामागचे 'सौ.' पुढे कधीतरी खोडलेले आहे. एकच आडवी रेघ, तीही शिसपेन्सिलीने. कोणी मारली, केव्हा मारली, मला सांगता येणार नाही. नाव मात्र तसेच ठेवले आहे. आणि यमूच्या केशवपनाचा भाग जिथे येतो, तिथली पाने बाकीच्या पुस्तकापेक्षा अधिक मळलेली आहेत. तिथे पुन्हा पुन्हा कोणाचा तरी अंगठा टेकला आहे. नवी प्रत मला कथा देईल. हा अंगठा कुठून देणार?

गेल्या वर्षी आमच्या शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी हेच पुस्तक मागायला आली. खरे सांगतो, दोन दिवस मी ते दिले नाही. नवी प्रत विकत आणून द्यावी, असेही मनात आले. जुने पुस्तक, सुटी पाने, हरवले तर? तिसऱ्या दिवशी पुन्हा ते कोरे पान उघडले, आणि माझी मलाच लाज वाटली. पहिल्या मालकाच्या 'परत करणे' या आज्ञेचा भंग झाला, म्हणून तर ते पुस्तक त्या बाईच्या हाती पडले! मी ते मुलीला दिले. ती म्हणाली, "काका, कधीपर्यंत परत आणू?" मी म्हटले, "वाचून झालं की ज्याला द्यावंसं वाटेल त्याला दे. फक्त त्या पानावर तुझं नाव लिही."

श्रोतेहो, तुमच्याही घरी माळ्यावर अशी एखादी कादंबरी असेल. दिवाळीच्या झाडलोटीत ती रद्दीवाल्याच्या तागडीत टाकण्याआधी एकदा तिचे पहिले पान उघडून पाहा. तिथे आजीचे, आत्याचे नाव असेल. नसले तर तुमचे लिहा, आणि देऊन टाका कोणाला तरी.