चिता आणि चूल: धुराच्या कायद्यातून सुटलेले दोन अग्नी

१/ मुंबई इलाख्यात १९१२ साली धुराच्या उपद्रवाविरुद्ध एक कायदा झाला. बॉम्बे स्मोक न्यूसन्सेस ॲक्ट हे त्याचे नाव. बंगालमध्ये १९०५ साली असाच कायदा झाला होता, त्याच धर्तीवर हा बेतलेला. कायदा 'भट्टी'चा होता. पण भट्टी म्हणजे काय याच्या व्याख्येतून दोन अग्नी मुद्दाम बाहेर ठेवले गेले. एक प्रेतदहनाचा आणि दुसरा खाजगी घरातल्या चुलीचा.

२/ आजचा थ्रेड या दुसऱ्या अग्नीविषयी आहे. धुरावर निर्बंध असलेल्या शहरात लाकडाची चूल वापरायची झाली, तर ती कोणती निवडावी? प्रश्न बाजारातला वाटतो. परंतु त्याच्या उत्तराला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास चिकटलेला आहे, आणि तो ठाऊक नसेल तर निवड हमखास चुकते.

३/ घरातली चूल का वगळली? वसाहतीच्या सरकारला लोकांच्या स्वयंपाकघरात आणि स्मशानात हात घालायचा नव्हता, हे एक कारण सहज सुचते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या काळी धूर हा 'दिसणारा' उपद्रव मानला जाई. गिरणीच्या चिमणीतून काळा लोट निघाला की कापड, भिंती, साहेबाचा बंगला सारे काजळत असे. त्या लोटाचा काळेपणा जोखण्यासाठी जगभर रिंगेलमन पट वापरात होता. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत छटा असलेला हा तक्ता डोळ्यांसमोर धरायचा, चिमणीकडे पाहायचे आणि अंक लिहायचा.

४/ लाकडाचा धूर बहुधा फिकट, निळसर असतो. या पटावर तो जवळजवळ निर्दोष ठरतो. ज्या धुराने बायकांचे डोळे गेले, तो मोजण्याच्या साधनालाच दिसत नव्हता.

५/ आता सोलापूर. १८७७ मध्ये येथे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल सुरू झाली. लोकांच्या तोंडी ती 'जुनी मिल'. पुढे आणखी गिरण्या आल्या, भोंगे आले, चिमण्या आल्या. शहराच्या जुन्या चित्राची कल्पना चिमणीवाचून करता येत नाही. पण भोंगा व्हायच्या आत डबा बांधून व्हावा लागे, आणि त्यासाठी त्याही आधी घराघरांत चूल पेटलेली असे. पहाटेच्या सोलापुरावर दोन धूर तरंगत असत: एक उंचावरचा, मालकाचा, दुसरा कौलांतून झिरपणारा, कामगारणीचा. इतिहासाच्या पुस्तकांत पहिलाच सापडतो.

(चिमणीवरून एक अवांतर. २०२३ च्या जूनमध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली गेली आणि सारा जिल्हा त्यावर बोलत होता. तो वाद विमानांच्या वाटेचा होता. धुरासाठी चिमणी पडावी, असे आपल्याकडे क्वचितच घडते.)

६/ चुलीकडे प्रथम गांभीर्याने पाहिले ते कायद्याने नव्हे, ग्रामोद्योगाच्या चळवळीने. १९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्याचे मगनवाडी हे त्याचे केंद्र आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार. मगनलाल गांधींच्या नावाची ही मगनवाडी. तिथून आलेली धुराडे असलेली मातीची चूल 'मगन चूल' म्हणून देशभर गेली. आपल्या जुन्या चुलीला शेजारी वैल असतोच. मुख्य जाळाची उरलेली धग वैलावर जाते आणि तिथे कालवण उकळत राहते. मगन चूल म्हणजे माझ्या मते वैलाचीच पुढे नेलेली कल्पना: जाळ एका भांड्याखालून दुसऱ्याकडे न्यायचा आणि शेवटी धुराड्यातून बाहेर सोडायचा.

७/ सोलापूरच्या पूर्वेला तेव्हा निजामाचे राज्य होते. तिथल्या हैदराबाद इंजिनिअरिंग रिसर्च लॅबोरेटरीत एस. पी. राजू यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी, म्हणजे निजामाची सत्ता गेल्यावर, अशीच एक चूल घडवली. तिला दोन-तीन भांड्यांची जागा, धुराडे आणि हवा कमीजास्त करण्यासाठी झडपा होत्या. कोट्यवधी घरांना धूरमुक्त स्वयंपाकघर मिळावे, ही त्यांची आकांक्षा होती.

८/ येथे जरा थांबू. 'धूरमुक्त' या शब्दात एक गफलत दडली आहे, आणि आजही चूल विकत घेणारे तिला बळी पडतात. धुराडे धूर कमी करत नाही, तो बाहेर नेते. माळरानावरच्या एकट्या घराला तेवढे पुरते. दाट वस्तीत मात्र एका घराचे धुराडे दुसऱ्या घराच्या खिडकीशी उघडते. गिरणीमालकाने उंच चिमणी बांधून जे केले, तेच लहान प्रमाणावर आपण करतो.

९/ मग धूर मुळात होतो कशाने? लाकूड तापले की आधी त्यातले पाणी उडते. मग लाकडातून ज्वलनशील वायू सुटू लागतात. वजनाने पाहिल्यास सुक्या लाकडाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग असा वायुरूपाने जातो. हे वायू पूर्ण जळायला तीन गोष्टी लागतात: सुमारे ६०० अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता, पुरेशी हवा आणि थोडा वेळ. साध्या चुलीत जाळ गार भांड्याच्या बुडाला लगेच आपटतो, बाजूने वारा शिरतो आणि वायू अर्धवट जळून निसटतात. तोच धूर. ओले जळण असेल तर बरीचशी उष्णता पाणी उडवण्यातच खर्च होते. फुंकणीने फुंकर घातली की धूर क्षणभर थांबतो, कारण हवा मिळते. आपल्या आज्यांना हे रसायनशास्त्र हातवळणी होते.

१०/ १९८० च्या दशकात अमेरिकेत लॅरी विनिआर्स्की यांनी 'रॉकेट' चुलीची तत्त्वे मांडली. आडव्या तोंडातून लाकडाची टोके आत सरकवायची. पुढे उष्णता धरून ठेवणारी उभी नळी. तिच्यात वायू जळून जातात आणि मगच जाळ भांड्याला भिडतो. दुसरा मार्ग पंख्याचा: लहानसा पंखा हवा जोराने आत ढकलतो. धूर बाहेर नेण्याऐवजी तो होऊच न देणारी चूल ती ही.

११/ त्याच सुमारास भारतात सरकारी पातळीवर मोठा प्रयत्न चालू होता. १९८३ मध्ये राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू झाला आणि २००२ मध्ये संपला. या काळात सुमारे ३.५ कोटी चुली बसवल्याची नोंद आहे. महाराष्ट्रात पुण्याच्या 'आरती' संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांच्या ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, या कामाला तांत्रिक आधार दिला. 'लक्ष्मी', 'भाग्यलक्ष्मी' अशा चुली तिथून आल्या. गावोगावच्या कुंभारांना आणि बायकांना चुली घडवण्याचा उद्योग शिकवावा हा विचार मला या कार्यक्रमातला सर्वांत शहाणा वाटतो. सरकारी उद्दिष्टाच्या आकड्यासाठी लिंपलेली चूल मात्र पुष्कळदा वर्षा-दोन वर्षांत भंगली, आणि धुराडे कोणी साफ केले नाही.

१२/ ओडिशात अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन आणि रेमा हॅना यांनी धुराड्याच्या सुधारित चुलींचा चार वर्षे पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासात जाणारा धूर घटला. नंतर फरक उरला नाही. चुली मोडल्या, दुरुस्ती झाली नाही, वापर सुटला.

१३/ श्वासात जाणारा धूर मोजायचा, ही कल्पनाही तशी अलीकडची. १९८० च्या दशकाच्या आरंभी कर्क स्मिथ, ए. एल. अगरवाल आणि आर. एम. दवे यांनी गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच मापनयंत्र बसवले. रिंगेलमन पट चिमणीच्या टोकाकडे पाहत होता. हे यंत्र नाकापाशी होते. धुराच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल कोणता, असे विचारल्यास मी या स्थलांतराकडे बोट दाखवीन.

१४/ कायद्याचे काय झाले? १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर धुरके दाटले. तात्कालिक अंदाजानेच सुमारे ४,००० माणसे दगावली. १९५६ चा क्लीन एअर ॲक्ट त्यातून आला, आणि घरातली शेकोटी प्रथमच कायद्याच्या कक्षेत आली. धूरनियंत्रित विभाग आखायचे, आणि तिथे धूरविरहित इंधन किंवा सूट मिळालेली उपकरणेच वापरू द्यायची, अशी ती व्यवस्था. तिथे लाकूड जाळण्यावर सरसकट बंदी नाही; मान्यताप्राप्त स्टोव्ह असला की जाळता येते.

१५/ आपल्या १९८१ च्या हवा कायद्यातही याचा पडसाद आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. कलम १९ नुसार राज्य सरकारला वायुप्रदूषण नियंत्रण क्षेत्र घोषित करता येते, तिथे एखादे इंधन मना करता येते आणि 'मान्यताप्राप्त उपकरण' सोडून दुसरे काही वापरू नये असेही फर्मावता येते. १९१२ ने वगळलेली चूल ओळखण्याचे शब्द १९८१ पासून कायद्यात आहेत. स्वयंपाकघरापर्यंत ते शब्द पोचले नाहीत, इतकेच.

१६/ दरम्यान काळ बदलला. २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आला आणि हवेचे मानक न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत सोलापूरचे नाव लागले. ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतील लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस वा अन्य हरित इंधनाकडे वळण्यास सांगितले. तो आदेश मुंबईपुरता आहे. पण कडक भाकरीवर संसार चालवणाऱ्या सोलापूरच्या बायकांनी त्याकडे लक्ष द्यायला हवे. लंडनने 'चांगली चूल आणा' म्हटले. मुंबईला 'लाकूड सोडा' असे सांगण्यात आले. आपल्या शहरावर उद्या यांतली कोणती वेळ येईल, यावर कित्येक घरांची मिळकत अवलंबून आहे.

१७/ तर निवड. गॅस परवडत असेल तर प्रश्नच मिटतो. उज्ज्वलाने २०१६ पासून जोडण्या घरोघर नेल्या. पण दिवसाला शेकडो भाकऱ्या भाजणारीला सिलिंडरचा हिशेब वेगळा लागतो. लाकडावरच राहायचे असेल तर पहिली गोष्ट पाहावी ती भारतीय मानक, आयएस १३१५२ (भाग १) : २०१३. पंखा नसलेल्या चुलीची औष्णिक कार्यक्षमता किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची ३५ टक्के हवी. भांड्यात पोचलेल्या दर मेगाज्यूल उष्णतेमागे कणरूप धूर पहिलीत ३५० मिलिग्रॅमपेक्षा आणि दुसरीत १५० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावा. कार्बन मोनॉक्साइड दोन्हींत ५ ग्रॅमच्या आत. विक्रेता 'धूरमुक्त' म्हणाला तर हे आकडे विचारावेत. हे मानक उचलून नेता येणाऱ्या चुलींचे आहे, हेही ध्यानात ठेवावे.

१८/ दुसरी गोष्ट जळणाची, आणि येथे आपल्याच भागातला धडा आहे. २००६ च्या सुमारास बीपी कंपनीने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या साहाय्याने 'ऊर्जा' नावाची पंख्याची चूल बाजारात आणली. मराठवाड्यात स्वयम् शिक्षण प्रयोगाच्या महिला विक्रेत्यांनी ती दारोदार नेली. चूल उत्तम होती. धूर खरोखर थोडा. पण ती शेतातल्या काडीकचऱ्यापासून कारखान्यात बनवलेल्या गोळ्यांवरच चाले. त्या कच्च्या मालाला अन्य गिऱ्हाईक मिळाले, गोळ्या महागल्या आणि कित्येक चुली माळ्यावर गेल्या. वेडी बाभूळ, तुराट्या, पऱ्हाटी हे आपले जळण. ते ज्या चुलीच्या तोंडात जाते, आणि घरच्या कोयत्याने तेवढे बारीक करता येते, तीच टिकते. पावसाळ्याआधी जळण फोडून झाकून ठेवले तर कोणत्याही चुलीचा धूर उतरतो. हा खर्च शून्याचा.

१९/ तिसरी गोष्ट भाकरीची. चुलींची प्रमाणित चाचणी पाणी तापवून होते. भाकरीचे काम निराळे: तव्यावर पसरट, सम धग हवी आणि मग चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांवर भाकरी उभी करून फुगवायला जागा हवी. रॉकेट चुलीचा जाळ तव्याच्या मधोमध बसतो. भाकरी मध्ये करपते, कडा कच्च्या राहतात, आणि निखारे आत नळीत अडकलेले. मग बाई भातासाठी नवी चूल आणि भाकरीसाठी जुनी चूल अशा दोन्ही पेटवते. अभ्यासकांना हे जगभर आढळले आहे, आणि त्यात धुराची बचत बव्हंशी बुडते.

२०/ म्हणून सोलापुरात चूल घेताना जाड बुडाचा तवा आणि ज्वारीचे पीठ घेऊन दुकानात जावे, असे मी निम्मे गमतीने आणि निम्मे गांभीर्याने सुचवीन. दहा भाकऱ्या भाजून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आणि महापालिकेने किंवा मंडळाने कधी कलम १९ खाली मान्य चुलींची यादी करायचे मनावर घेतले, तर चाचणीच्या खोलीत पाण्याच्या भांड्याशेजारी एक परात आणि भाकरी थापणारी एक बाईही असावी, तिच्या वेळेचे पैसे देऊन.