श्वासाचा वारसा

घरात दोघातिघांना धाप लागते, तेव्हा आपण म्हणतो, ‘आमच्या घराण्यातच आहे.’ या समजुतीला एक ठोस पुरावा १९६३ साली स्वीडनमधल्या माल्मो शहरात मिळाला. रक्ताचे सुमारे १५०० नमुने तपासताना कार्ल-बर्टिल लॉरेल यांना पाचांत एका प्रथिनाची रेघच दिसेना. त्यांनी व स्टेन एरिक्सन यांनी शोध घेतला. पाचांपैकी तिघांची फुफ्फुसे एम्फिसीमाने पोखरली होती. यकृतात तयार होणारे हे प्रथिन फुफ्फुसांची राखण करते. आईवडील दोघांकडून सदोष जनुक आले, तर ते फारच कमी पडते. प्रत्येक धापेमागे हे कारण नसते. पण ज्यांच्यात ते असते, त्यांचीही फुफ्फुसे धूम्रपान टाळल्यास अधिक टिकतात. अब्बांची ढास ऐकत मी वाढलो. रक्त वारशानेच मिळते. विडी मात्र आपण स्वतः पेटवतो.