दुकानाची सूट आणि आपला वाटा

संसारात पैसा मिळवणारे हात निराळे आणि तो पुरवून वापरणारे हात निराळे. या दुसऱ्या हातांची नोंद इतिहासात क्वचितच होते. मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त त्या इतिहासाचे एक पान भगिनींपुढे ठेवीत आहे.

हल्ली मोठ्या दुकानात खरेदीवर गुण मिळतात व ते साठले की थोडी सूट मिळते. ही रीत नवी वाटते. पण गिऱ्हाइकाला खरेदीच्या प्रमाणात परतावा देण्याची कल्पना फार जुनी आहे. इंग्लंडातील रॉचडेल गावी २८ कामकऱ्यांनी २८ पौंड भांडवल जमवून २१ डिसेंबर १८४४ रोजी दुकान उघडले. विक्रीस होते पीठ, लोणी, साखर आणि मेणबत्त्या, एवढेच. भेसळ आणि उधारी यांनी गरीब संसार गांजले होते. म्हणून त्यांनी नियम केला : माल शुद्ध, माप पुरे, व्यवहार रोखीचा, आणि उरलेला नफा सभासदांना खरेदीच्या प्रमाणात परत. स्त्रियांनाही सभासदत्व व मत होते, ही गोष्ट आपण विशेष ध्यानात घ्यावी.

आपल्या देशात १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्था निघाल्या. १९१२ च्या कायद्याने ग्राहकांच्या संस्थांनाही वाट मोकळी झाली. मुंबईत नायगावच्या कामगार वस्तीतून १९४८ साली ‘अपना बाजार’ उभा राहिला. पुढे १९७२ च्या दुष्काळात महागाई भडकली, तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासह हजारो गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. शेजारच्या कुटुंबांचे संघ करावेत, माल एकत्र खरेदी करावा आणि महिन्याच्या महिन्याला वाटून घ्यावा, ही तिची पद्धत.

मग दुकानाच्या गुणांत आणि या परताव्यात फरक कोणता? ब्रिटनमध्ये टेस्को कंपनीने १९९५ साली क्लबकार्ड काढले. अशा योजनेत किती द्यायचे हे दुकान ठरवते, आणि आपण काय घेतो याची माहितीही त्याच्या हाती जाते. सहकारी भांडारात नफ्याचे काय करायचे हे सभासद सभेत ठरवतात. एकीकडे आपण गिऱ्हाईक, दुसरीकडे मालक.

सूट घेऊ नये, असे मी म्हणत नाही. हिशेब मात्र करावा. शंभराला एक रुपया या दराने तीन हजारांच्या खरेदीवर तीस रुपये सुटतात. त्या तिसांच्या लोभाने दोनशेची नको असलेली वस्तू पिशवीत पडली, तर एकशे सत्तर रुपये पदरचेच गेले.

आपल्या अवसरी बुद्रुकात वर्षाची बेगमी करण्याची रीत आपल्या सासवांनी घालून दिली आहे. धान्य सुगीत भरायचे, डाळी उन्हाळ्यात करायच्या, मिरची एकदाच कुटायची. मंचरची बाजारपेठ जवळच आहे. दहा घरांनी मिळून तेलाचे डबे, गुळाच्या ढेपी व साखरेचे पोते ठोक भावाने आणले, भाव वहीत मांडला, वजन सर्वांसमक्ष केले आणि पैसे रोख दिले, तर रॉचडेलचाच नियम येथे चालेल. भाडे आणि आणण्याचे श्रम हिशेबात धरावे, म्हणजे खरी बचत कळते; आणि ज्या घराची त्या महिन्यात ओढ असेल त्याला थोडे कमी घेण्याची मोकळीक ठेवावी.

बचत म्हणजे पोटाला चिमटा नव्हे. वाचलेल्या रुपयातून मुलीचे पुस्तक येते, आजारात औषध येते. येत्या वर्षी मंडळाने अशी एक वही उघडावी, एवढी विनंती करते.