आय बेग टू स्टेट...

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला ‘बिझनेस कम्युनिकेशन’ नावाचा विषय असतो. नोकरीचा अर्ज, चौकशीचं पत्र, तक्रारीचं पत्र, सभेची सूचना असं सगळं त्यात येतं. आमच्या ठाणे-डोंबिवलीकडच्या मराठी माध्यमाच्या मुलांना हा विषय जड जातो. हिशेबातले आकडे निदान ओळखीचे तरी असतात! हे असलं काही शिकवायचं खूळ साहेबानं आणलं, असा आपला समज असतो. पण कामकाजाची पत्रं लिहायला शिकवणं आपल्याकडे फार जुनं आहे. शिकवायची पद्धतही शेकडो वर्षं एकच होती, कित्ता गिरवण्याची.

देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, हा तेराव्या शतकातला. त्याच्या नावावर ‘मेस्तक’ सांगितलं जातं. कोणाला पत्र लिहिताना कोणता मायना घालायचा, याचे नियम त्यात आहेत. शिवाजी महाराजांच्या काळात बाळाजी आवजी चिटणीसांनी लेखनात नाव कमावलं. दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोशही याच काळातला, साधारण १६७७च्या सुमाराचा. पुढं पेशवाईत मुलगा दफ्तरात उमेदवार म्हणून बसे आणि जुने कागद उतरवून काढता काढता कारकून होई. ‘उमेदवारी करणे’ हा वाक्प्रचार आपण अजून वापरतो.

या मायन्यांकडे नीट पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते. वडिलांना ‘तीर्थरूप’, विद्वान ब्राह्मणाला ‘वेदशास्त्रसंपन्न’, मातब्बर सरदाराला ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री’. म्हणजे पत्रातला मजकूर सुरू होण्याआधीच लिहिणारा कुठं उभा आहे आणि वाचणारा कुठं बसला आहे, हे ठरून जायचं. हा नुसता शिष्टाचार नव्हता. १७७९ साली मुंबईत कंपनी सरकारनं, पेशव्यांच्या बाजूनं तक्रार आल्यावर, सोनार समाजाला ‘नमस्कार’ हा शब्द वापरायला मनाई करणारा हुकूम काढला होता. एका शब्दासाठी सरकारी हुकूम! कोणी कोणाला काय म्हणायचं याला केवढं महत्त्व होतं ते यावरून कळावं.

नंतर इंग्रजी आली. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी आली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली. तार, टपाल, रेल्वे, कचेऱ्या, पेढ्या, सगळ्यांना इंग्रजी लिहिणारा कारकून हवा होता. घरोघरी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आली. मुंबईत १९०० साली दावर यांचं कॉमर्स कॉलेज निघालं, १९१३ साली सिडनहॅम. इंग्रजी पत्रात एक मोठी सोय होती. समोरचा कोणत्याही जातीचा असो, मायना एकच, ‘डिअर सर’. मेस्तकाच्या मानानं ही केवढी सुटसुटीत गोष्ट!

पण शेपूट होतंच. पत्राच्या शेवटी ‘युवर मोस्ट ओबिडियंट सर्व्हंट’ आणि सुरुवातीला ‘आय बेग टू स्टेट’. खुद्द इंग्लंडात ही केवळ रीत होती, मोठमोठे अधिकारी एकमेकांनाही असंच लिहीत. आपल्या कारकुनानं मात्र ते अक्षरशः घेतलं. का घेणार नाही? मायन्यातून आपली पायरी ओळखायची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची. साहेब गेला, तरी ‘बेग’ राहिलं.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून शिकवायचं ठरलं. त्यामुळं मराठी शाळेतून मॅट्रिक झालेल्या मुलाच्या गाठीला जेमतेम तीन-चार वर्षांचं इंग्रजी असे. नेमक्या त्याच काळात इकडे कारखाने उभे राहू लागले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची सुरुवात झाली ती ठाण्याच्या वागळे इस्टेटमधूनच. मग डोंबिवलीची एमआयडीसी. नोकऱ्या होत्या, पण ऑफिसातली भाषा इंग्रजी. ही दरी भरून काढली ती स्टेशनजवळच्या, जिना चढून गेल्यावर लागणाऱ्या टायपिंग इन्स्टिट्यूटांनी.

सकाळी सहापासून तिथं खडखडाट सुरू व्हायचा. रेमिंग्टन, नाहीतर विक्रोळीच्या गोदरेजचं मशीन. आधी नुसती बोटं बसवायची, मग शब्द, मग पत्रं. परीक्षा राज्य परीक्षा परिषदेची, मिनिटाला ३० शब्द आणि ४० शब्द. ‘विथ रेफरन्स टू युवर लेटर डेटेड’ हे वाक्य अर्थ कळायच्या आधी बोटांना पाठ व्हायचं. कार्बन लावून प्रती काढायच्या. ई-मेलमधलं ‘सीसी’ हे त्या कार्बन कॉपीचंच उरलेलं नाव. पत्राची प्रत्येक ओळ डावीकडूनच सुरू करायची पद्धत टायपिस्टला सोयीची, कारण त्यात बटणं कमी दाबावी लागतात. आज कॉलेजात ती ‘फुल ब्लॉक’ म्हणून शिकवतात.

या सगळ्याला घोकंपट्टी म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. तो कित्ता नसता तर हजारो घरांत पहिला पगार आलाच नसता. मुलींच्या बाबतीत तर हे जास्तच खरं. टायपिंगचं सर्टिफिकेट हातात घेऊन लोकल पकडणाऱ्या पहिल्या पिढीच्या मुली आमच्याच वयाच्या होत्या.

कित्त्याची मर्यादा कळते ती कित्त्याबाहेरचं लिहायची वेळ आली की. आमच्या भागातला एक कारखाना बंद पडला, तेव्हा तिथं वीस-बावीस वर्षं क्लार्क असलेले एक गृहस्थ अर्ज दाखवायला माझ्याकडे आले होते. मी इंग्रजी शिकवते म्हणून. टायपिंग देखणं, एक चूक नाही. पण पहिल्या पानभर ‘आय बेग’ आणि ‘काइंडली’, आणि किती महिन्यांचा पगार थकला तो आकडा कुठंच नाही! मी म्हटलं, “आधी मराठीत सांगा, काय हवंय, किती, कधीपासूनचं.” ते त्यांनी तीन वाक्यांत सांगितलं. तीच तीन वाक्यं आम्ही इंग्रजीत लिहिली. वाचून ते म्हणाले, “बाई, एवढं सरळ लिहिलं तर साहेबांना राग नाही का यायचा?”

स्वतःच्या कष्टाचे पैसे, आणि तेही मागताना ‘बेग’! इंग्रजी कच्चं म्हणून हे झालं नव्हतं. मागणं स्पष्ट लिहायला त्यांना कोणी कधी शिकवलंच नव्हतं, मराठीतही नाही. त्यांची देणी मिळायला पुढं बरीच वर्षं गेली, आणि ती त्या अर्जामुळं मिळाली असं मी म्हणणार नाही. पण त्यानंतरचे अर्ज त्यांचे त्यांनीच लिहिले. इतर कामगारांचेसुद्धा.

मराठीनं तरी वेगळं काय केलं? १९६० साली भाषा संचालनालय झालं, १९६४ साली राजभाषेचा कायदा झाला, कारभार मराठीत आला. आणि लगेच ‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर’ सुरू झालं. लिपी बदलली, मायना तोच.

२००० साली इंग्रजी पहिलीपासून आलं. २०१७मध्ये टाइपरायटरवरची सरकारी परीक्षा शेवटची झाली, आता ती संगणकावर असते. आता तर काय हवंय ते दोन शब्दांत सांगितलं की यंत्र झोकदार इंग्रजी पत्र लिहून देतं. म्हणजे कित्ता फुकट झाला. पण काय हवंय ते त्या यंत्रालाही आपणच सांगावं लागतं. म्हणून शिकवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की नमुना देण्याआधी मुलाकडून तीन वाक्यं त्याच्या भाषेत काढून घ्या: कोणाकडून हवंय, काय हवंय, कधीपर्यंत. नमस्कार-चमत्कार मागाहून घालता येतात.

तुमच्या घरी आजोबा-पणजोबांचे जुने अर्ज, टाइप केलेल्या प्रती असतील तर जरूर कळवा. त्यांच्या सुरुवातीला काय लिहिलंय, तेवढं आधी बघा.