खाऱ्या पाण्याचा कादंबरीकार

फराळाची बशी एका हाताशी आणि गोष्टीचे पुस्तक दुसऱ्या हातात, ही माझी दिवाळीच्या सुटीतली जुनी चैन. अशाच एका सुटीत कप्तान फ्रेडरिक मॅरियटची ‘मास्टरमन रेडी’ माझ्या हाती पडली. चिवडा कधी संपला ते कळले नाही. आणि शेवटी म्हातारा खलाशी रेडी मरतो, तेव्हा मी पांघरुणात तोंड खुपसले.

हे पुस्तक जन्मले ते मुलांच्या हट्टातून. मॅरियटच्या मुलांना ‘स्विस फॅमिली रॉबिन्सन’ची पुढची हकिगत हवी होती. बापाने मूळ पुस्तक उघडले, तो नौकानयनाच्या नावाने शंख, आणि बेटावर तिथे असूच नयेत अशी झाडे न् जनावरे! मग १८४१ साली त्याने स्वतःचीच निराळी गोष्ट सांगायला घेतली. मुलांसाठी झाले म्हणून काय समुद्राविषयी खोटे लिहायचे?

त्याला ते जमणारही नव्हते. १७९२ साली लंडनला जन्मलेला हा पोरगा चौदाव्या वर्षी लॉर्ड कॉक्रेनच्या ‘इम्पीरियूज’ जहाजावर चढला. पुढे १८२१ साली सेंट हेलेनावर नेपोलियन वारला, तेव्हा त्याचे अखेरचे रेखाचित्र मॅरियटने काढले. १८२४ च्या ब्रह्मी युद्धात ‘लार्न’ घेऊन तो रंगूनला गेला. कलकत्त्यास खिदिरपूरला बांधलेली ‘डायना’ ही आगबोटही त्याच मोहिमेत होती. पण मला त्याची थोरवी वाटते ती आणखी एका गोष्टीत. माणसे बळजबरीने धरून आरमारात कोंबण्याची जी रीत होती, तिच्याविरुद्ध १८२२ साली त्याने नोकरीत असतानाच पुस्तिका लिहिली.

१८३० साली नोकरी सोडून तो पुरता लेखणीकडे वळला. ‘पीटर सिंपल’ (१८३४) आणि ‘मिस्टर मिडशिपमन ईझी’ (१८३६) ही त्याची गाजलेली पुस्तके. त्याच्या नायिका, खरे सांगायचे तर, लाकडी बाहुल्या! पण ‘पीटर सिंपल’मधले ते वादळ वाचावे. वारा जहाजाला किनाऱ्यावर आपटू पाहतो, आणि कप्तान नांगर टाकून, त्याच्या ओढीवर जहाज वळवून, लगोलग दोर तोडतो. ते वाचताना आजही माझ्या मुठी आवळतात.

१८४७ साली त्याने मुलांसाठी रानातली गोष्ट लिहिली, ‘चिल्ड्रन ऑफ द न्यू फॉरेस्ट’. त्याच डिसेंबरात आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यापाशी ‘ॲव्हेंजर’ ही युद्धनौका खडकांवर फुटली. तिच्यावर त्याचा मुलगा लेफ्टनंट होता. तो परतला नाही. पुढच्या ऑगस्टात लँगहॅम गावच्या आपल्या घरी मॅरियटनेही डोळे मिटले.