हिरव्या दिव्याची निळी काच

तत्त्वज्ञानाच्या माणसानं दिव्यांवर कशाला बोलावं, असं काहींच्या मनात आलं असेल. पण आपल्या न्यायशास्त्रात डोळ्यांनी होणाऱ्या ज्ञानाला उजेड हे सहकारी कारण मानलेलं आहे. डोळा धड आहे, वस्तू समोर आहे, पण उजेड नाही, तर ज्ञानही नाही. आणि निवृत्तीनंतर हौसेनं रेल्वेची छोटी मॉडेलं करायला बसलेल्या माणसाच्या तोंडून वर्षभरात एक वाक्य ऐकू येतंच : "आता डोयाले दिसत नाई बा." मग चिमटा, कानस, ब्रश सगळं पेटीत जातं. पुष्कळदा दोष डोळ्याचा थोडा आणि दिव्याचा जास्त असतो.

बडनेऱ्यात हा विषय परका नाही. जीआयपी रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली, ती इथूनच पुढे. त्या काळची सगळी सिग्नल यंत्रणा रात्री तेलाच्या दिव्यांवर चालायची. आता गंमत बघा. रॉकेलची ज्योत पिवळसर असते. तिच्यापुढे साधी हिरवी काच धरली तर रंग पिवळटाकडे झुकायचा. म्हणून हिरव्या सिग्नलची काच मुद्दाम निळसर करत. दिवसा हातात घेतली तर निळी वाटायची, रात्री ज्योतीपुढे मात्र हिरवी. म्हणजे रंग एकट्या काचेचा नाही. काच आणि ज्योत या दोघींचा मिळून आहे. हे रेल्वेवाल्यांना कळायलाच लागायचं, कारण चूक झाली तर माणसं मरत. १८७५ साली स्वीडनमध्ये लागरलुंडा इथे दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. त्यानंतर होल्मग्रेन नावाच्या शरीरशास्त्रज्ञानं रेल्वे नोकरांची रंगदृष्टी तपासायला लोकरीच्या रंगीत लडी वापरायला सुरुवात केली.

आपल्या मेजावर कुणी मरत नाही, पण नियम तोच लागू होतो.

समजा कुणाला आपल्या शेजारच्या मूर्तिजापूरची शकुंतला करायची आहे. तिचा रूळ ७६२ मिलिमीटरचा. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४पर्यंत धावलं. एकास सत्त्याऐंशी या नेहमीच्या प्रमाणात तो रूळ नऊ मिलिमीटरपेक्षाही अरुंद होतो. डब्यावरचं दहा सेंटिमीटरचं अक्षर सव्वा मिलिमीटरपेक्षाही कमी उरतं. ते कशाच्या उजेडात रंगवणार?

जुने कारागीर याबाबत आपल्यापेक्षा शहाणे होते. बारीक कामाचा माणूस दाराशी किंवा खिडकीशी बसायचा, उजेड बाजूनं घ्यायचा. युरोपातले चांभार आणि लेस विणणाऱ्या बायका मेणबत्तीपुढे पाण्यानं भरलेला काचेचा गोळा ठेवत. तो भिंगासारखा ज्योतीचा उजेड कामावर गोळा करायचा. उजेड मोजकाच, पण हवा तिथे. (धातू तापवणाऱ्याचं उलट असतं. तापलेल्या धातूची लाली पारखायला त्याला कोपरा अंधारा लागतो. म्हणून सरसकट जास्त उजेड चांगला, असंही समजू नका.)

मग वीज आली आणि आपण छताच्या मध्यभागी एक दिवा टांगून मोकळे झालो. खोली उजळली, पण खाली वाकलेल्या माणसाच्या डोक्याची सावली नेमकी त्याच्या हातावर पडायला लागली. अंधार म्हणजे नुसता तेजाचा अभाव, असं नैयायिक म्हणतात. भाट्ट मीमांसक म्हणतात, नाही, ते स्वतंत्र द्रव्य आहे. नैयायिकांचा युक्तिवाद मला पटत आलाय. पण स्वतःच्या सावलीत एवढंसं अक्षर रंगवून बघा, तेवढ्यापुरते तुम्ही मीमांसक व्हाल.

यावर तोड निघाली ती मोटारींच्या कारखान्यातून. जॉर्ज कार्वर्डाइन हा गाड्यांच्या स्प्रिंगांवर काम करणारा इंग्रज अभियंता. त्यानं १९३२च्या सुमारास स्प्रिंगांवर तोललेला, ठेवाल तिथे थांबणारा हाताचा दिवा काढला. आज टेबलाला चिमट्यानं लावतात ते दिवे त्याच्याच वंशातले. त्यात महत्त्वाची आहे ती जवळीक. छोट्या दिव्याचं अंतर निम्मं केलं की कामावरचा उजेड चौपट होतो. विजेचं बिल तेवढंच!

अंतराचं असं सुटलं, पण रंगाचा घोटाळा वाढला. १९३८ला बाजारात आलेल्या ट्यूबनं आणि नंतरच्या एलईडीनं उजेड स्वस्त केला, पण त्यांच्या पांढऱ्या उजेडात सगळे रंग सारख्या प्रमाणात नसतात. १९६०च्या दशकात आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगानं रंग किती खरे दिसतात याचा निर्देशांक ठरवला, सीआरआय. कमाल १००. जुना तारेचा बल्ब जवळजवळ शंभराला पोचतो, साधा एलईडी ऐंशीच्या आसपास. त्यातही मेख अशी, की हा आकडा आठ फिक्या नमुन्यांच्या सरासरीवर काढतात. गडद लाल त्यात धरतच नाहीत. तो 'आर नाइन' म्हणून वेगळा मोजतात. नव्वदच्या दशकाआधीचे आपले गेरव्या रंगाचे डबे आठवा. लाल कमी असलेल्या दिव्याखाली तो गेरू मातकट दिसतो, मग आपण वरून लाल चढवतो, आणि सकाळी उन्हात डबा भडक दिसतो.

वयाचाही हिशोब आहे. साठीच्या डोळ्यात विशीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच उजेड पडद्यापर्यंत पोचतो, आणि भिंग पिवळं पडल्यामुळे निळा आणखी कमी. नातवाला पुरणारा दिवा आजोबांना पुरणार नाही. चष्मा बदलायचा, मोतीबिंदू तपासायचा, हे आहेच. पण दिवाही बदला.

घ्यायचा कसा? वॅट नका विचारू, खोक्यावर सीआरआय ९० किंवा वर आहे का बघा. आर नाइन दिला असेल तर पन्नासच्या वर बरा. उजेडाची छटा ४००० ते ५००० केल्विन. पिवळा २७०० बैठकीला ठीक, निळसर ६५०० दुकानाला. एकाऐवजी दोन दिवे घ्या, डावीउजवीकडून, म्हणजे एकाची सावली दुसरा पुसेल. उजव्या हातानं काम करणाऱ्यानं मुख्य दिवा डावीकडे ठेवावा. दिव्याचं तोंड डोळ्यांच्या पातळीखाली असावं, नाहीतर चकाकीच दिसते. खोलीचा दिवाही चालू ठेवा. काळोखात एकच झगझगीत ठिपका असला की डोळे दमतात.

एक मात्र राहिलं. मॉडेल कुठल्या उजेडात पाहिलं जाणार? पुण्याला कोथरूडमध्ये जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८पासून आहे. तिथे गाड्या दिव्यांच्या खेळात दाखवतात, रात्रही होते. तुमचं मॉडेल बैठकीतल्या काचेच्या कपाटात, पिवळ्या बल्बखाली जाणार असेल, तर रंग पक्का करण्याआधी एका पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लावा, वाळू द्या, आणि तो तुकडा आधी दाराशी उन्हात, मग त्या कपाटात धरून बघा.