आधी खुंटा, मग दोर, मग मोटर: विंचचा इतिहास आणि सातपुड्यातली पिकअप

आजचा विषय जरा ग्रीस लागलेला आहे. इयरफोन लावून बसमध्ये ऐकत असाल तर उत्तम, कारण बस सातपुड्यात चढत असेल तर विषय खिडकीबाहेरच दिसेल.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. तालुके सहा. खाली तापीकाठची काळी माती, वर अक्कलकुवा आणि अक्राणीचे डोंगर. मोलगी, धडगाव, तोरणमाळ या बाजूला पावसाळ्यात माणसं, किराणा, खत, बियाणं, कधीकधी पेशंटसुद्धा पिकअपमधूनच जातात. आणि पिकअप रुतली की मग दोर शोधा, माणसं बोलवा.

आता असं दिसतं की ज्याच्याकडे थोडे पैसे आले, तो आधी मोठे टायर बघतो आणि नंतर बंपरवर विंच बघतो. विंच म्हणजे काय? एक मोटर, एक गिअरबॉक्स, एक ड्रम, ड्रमवर दोर. बटण दाबलं की दोर गुंडाळला जातो आणि गाडी स्वतःला ओढून बाहेर काढते. ऑनलाइन गेलात की पहिला आकडा दिसतो ८,०००, ९,५००, १२,००० पाउंड. आपण आकडा बघतो आणि कार्टमध्ये टाकतो.

माझं म्हणणं एवढंच आहे: हा क्रम उलटा आहे. ओढण्याच्या यंत्राचा इतिहास बघितला तर माणसाने आधी खुंट्याचा प्रश्न सोडवला, मग दोराचा, आणि मोटर सगळ्यात शेवटी आली. विंच निवडतानाही तोच क्रम धरा. कसा, ते बघू.

मोटेपासून सुरुवात करू

तुमच्या आजोबांनी मोट पाहिली असेल. विहिरीवर चाक, चाकावरून जाड दोर, त्याला नाडा म्हणायचे. सोबत एक बारीक दोर, सोंदूर. खाली चामड्याची मोट. बैल विहिरीपासून दूर जाताना धावेवरून उताराला चालायचे. म्हणजे बैलांची ताकद लागायचीच, पण त्यांचं वजनही कामाला यायचं. पाणी थारोळ्यात पडलं की बैल उलटे पावली वर.

यात इंजिनिअरिंग किती आहे बघा. बैलजोडी तीच, पण उतार दिल्यामुळे ओढ वाढली. चाक दिल्यामुळे दिशा बदलली. आणि सगळा ताण कुठे? चाक ज्या लाकडी सांगाड्यात बसवलंय, त्यावर. तो सांगाडा हलला की बैल कितीही चांगले असोत, मोट विहिरीत.

ग्रीक लेखक प्लूटार्क एक गोष्ट सांगतो. आर्किमिडीजने कप्प्यांच्या जोरावर माल आणि माणसं भरलेलं जहाज एकट्याने ओढून दाखवलं. गोष्ट किती खरी ते सोडा, तत्त्व खरं आहे. दोर एका कप्पीतून फिरवून परत आणला की ओढ जवळजवळ दुप्पट होते, वेग निम्मा होतो. फुकट काहीच मिळत नाही, पण अडकलेल्या माणसाला वेग नको असतो, ओढ हवी असते.

इंजिन शेतात गेलंच नाही

आता इंग्लंड, १८५८. जॉन फाउलर नावाच्या माणसाला तिथल्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीने ५०० पाउंडांचं बक्षीस दिलं. कशासाठी? वाफेवर चालणाऱ्या नांगरासाठी. अडचण अशी होती की वाफेचं इंजिन इतकं जड की ओल्या शेतात घातलं तर तेच रुतायचं. फाउलरने इंजिन शेताच्या कडेला घट्ट जमिनीवर उभं केलं. समोरच्या कडेला जमिनीत रुतवलेली एक अँकर गाडी. मधे दोर, आणि दोराने नांगर इकडून तिकडे ओढायचा. पुढे दोन्ही कडांना एकेक इंजिन, बॉयलरच्या पोटाखाली आडवा ड्रम, अशी पद्धत आली.

शहाद्याच्या काळ्या मातीत जुलैमध्ये ट्रॅक्टर घातलेल्या माणसाला हे लगेच पटेल. जड वस्तू घट्ट जमिनीवर ठेवा, मऊ जमिनीत फक्त दोर जाऊ द्या. पण त्यासाठी समोर काहीतरी न हलणारं लागतं. म्हणून विंच घेण्याआधी पहिला प्रश्न स्वतःला विचारा: मी जिथे अडकतो, तिथे समोर काय आहे?

तोरणमाळच्या वाटेवर झाड आहे. साग आहे, मोह आहे. पण थांबा. स्टीलची तार थेट झाडाला गुंडाळली तर ती साल कापते, आणि सालीचं वेटोळं निघालं तर झाड वाळतं. मोहाचं झाड म्हणजे इथल्या भिल्ल आणि पावरा घरांसाठी उन्हाळ्याच्या तोंडाचं उत्पन्न. कुणाचं तरी मोहाचं झाड आपल्या एका रीलसाठी मारायचं का? राखीव जंगलात झाडाची साल काढणं १९२७ च्या भारतीय वन कायद्याप्रमाणे गुन्हाही आहे. उपाय सोपा आहे: रुंद कापडी पट्टा, बुंध्याच्या खालच्या बाजूला. हा पट्टा विंचसोबत घ्यायचाच, नंतर बघू म्हणायचं नाही.

आणि झाडच नसेल तर? उघड्या माळावर, नदीपात्रात? तिथे जुनी युक्ती म्हणजे स्टेपनी पुरायची. आडवा चर खणा, टायर उभं गाडा, त्याला पट्टा लावा, माती दाबा. तासभर घाम जातो, पण खुंटा मिळतो. म्हणजे गाडीत फावडं नसेल तर १२,००० पाउंडांची विंच नुसती शोभेची.

दोर तुटतो तेव्हा

आता दोर. जुन्या खाणींत आधी वनस्पतींच्या धाग्यांचे दोर होते, नंतर लोखंडी साखळ्या आल्या. साखळीचा दोष असा की एक कडी तुटली की संपलं, आणि ती आधी सांगत नाही. जर्मनीच्या हार्त्स डोंगरात विल्हेल्म अल्बर्ट नावाचा खाण अधिकारी होता. त्याने १८३४ मध्ये क्लाउस्थालच्या खाणीत लोखंडी तारा पिळून केलेला दोर वापरला. एक तार तुटली तरी बाकीच्या धरून ठेवतात, आणि तुटलेली तार वर दिसते. म्हणजे दोर बोलायला लागला. आज लिफ्टपासून क्रेनपर्यंत जो वायर रोप आहे, तो याच घराण्यातला.

पण ताणलेली स्टीलची तार थोडी लांबते आणि ऊर्जा साठवून ठेवते. तुटली किंवा हुक सुटला की ती चाबकासारखी येते.

इथे मला आपल्या भागाचं एक खास टेन्शन आहे. शहरात गाडी अडकली की लोक व्हिडिओ काढतात. पाड्यावर गाडी अडकली की लोक मदतीला धावतात. वीस माणसं दोराजवळ, पोरं अगदी पुढे. जी चांगुलपणाची गोष्ट आहे, तीच विंचच्या बाबतीत सगळ्यात धोक्याची आहे. मागून खांदा लावणाऱ्यांना आधी लांब करा, मगच बटण दाबा. नियम साधा: जेवढा दोर बाहेर आहे, निदान त्याच्या दीडपट अंतर. ताणलेला दोर कुणी ओलांडायचा नाही. दोरावर मधोमध जाड गोधडी किंवा ओलं पोतं टाकायचं, म्हणजे तुटला तरी वजनाने खाली बसतो.

दुसरा पर्याय सिंथेटिक दोर. १९७९ मध्ये डीएसएम या डच कंपनीत पॉल स्मिथ आणि पीट लेमस्ट्रा यांनी पॉलिथिलीनपासून अतिशय मजबूत धागा काढायची पद्धत शोधली. १९९० मध्ये डायनीमा नावाने त्याचं मोठं उत्पादन सुरू झालं. जाडी तेवढीच घेतली तर स्टीलच्या तोडीस तोड, वजनाला कितीतरी हलका, पाण्यावर तरंगतो, आणि तुटला तर तारेपेक्षा खूप कमी उसळतो. पण त्याला ऊन, चिखलातली वाळू, धारदार दगड आणि उष्णता सोसत नाही. आपला सातपुडा म्हणजे बेसॉल्ट, दगडाच्या कडा धारदार. म्हणून दोरावर बाही चढवा, वापरून झाला की धुवा आणि झाकून ठेवा. एवढी निगा राखणार नसाल तर सरळ स्टील घ्या, जाड कातडी हातमोजे घ्या, आणि तुटलेल्या तारा दिसल्या की दोर बदला.

शेवटी मोटर

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या काही ट्रकवर पुढे विंच असायची. ती ट्रकच्याच इंजिनावर चालायची. युद्ध संपलं आणि उरलेल्या जीप बाजारात आल्या. आपल्याकडे महिंद्राने मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. अमेरिकेत आर्थर वॉर्न याने १९४८ मध्ये त्याच जीपसाठी लॉकिंग हब बनवणारी कंपनी काढली. याच कंपनीने १९५९ मध्ये हौशी गाड्यांसाठी बॅटरीवरची इलेक्ट्रिक विंच आणली. १९७४ मध्ये त्यांचं ८२७४ हे ८,००० पाउंडांचं मॉडेल आलं, आणि ऑफ-रोडवाल्यांच्या डोक्यात विंचचं चित्र पक्कं झालं.

आता त्या आकड्याकडे येऊ. थोडं गणित करू, घाबरू नका.

भरलेली पिकअप ३,००० किलोची धरा. सर्वसाधारण नियम दीडपट, म्हणजे ४,५०० किलो, साधारण १०,००० पाउंड. पण डब्यावरचा आकडा ड्रमवरच्या पहिल्या थराचा असतो, म्हणजे जवळजवळ सगळा दोर बाहेर काढलेला असताना. ड्रमचा व्यास ६४ मिलिमीटर, दोर ९ मिलिमीटरचा असेल, तर चौथ्या थरावर ओढ साधारण ५७ टक्के उरते. १०,००० पाउंडांची, म्हणजे ४,५३६ किलोंची विंच २,६०० किलोंवर येते. गाडीच्या वजनापेक्षाही कमी!

आणि गरज किती? अमेरिकन सैन्याचा एक जुना ठोकताळा आहे. चाकं बुडेपर्यंत रुतलेली गाडी काढायला तिच्या वजनाइतकी ओढ, मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट, केबिनपर्यंत गेली तर तिप्पट. मडगार्डपर्यंत गेलेल्या आपल्या पिकअपला ६,००० किलो लागतील. १०,००० पाउंडांची विंच पहिल्या थरावरही पुरणार नाही.

मग १५,००० ची घ्यायची? नाही. कप्पी घ्यायची. आर्किमिडीजची तीच कप्पी, दुकानात तिला स्नॅच ब्लॉक म्हणतात. दोर दुहेरी झाला की ओढ दुप्पट, आणि जास्त दोर बाहेर गेल्यामुळे ड्रमवर थर कमी, म्हणून विंचही जास्त जोर लावते. एकाच खर्चात दोन फायदे.

शिवाय वीज बघा. अशी विंच पूर्ण ताकदीने ४०० अँपिअरच्या आसपास खाते. साध्या पिकअपचा अल्टरनेटर याचा चौथा हिस्सा देईल, बाकी सगळं बॅटरीतून. म्हणून इंजिन चालू ठेवून थोडं ओढा, थांबा, पुन्हा ओढा. बॅटरी जुनी असेल तर आधी ती बदला.

कायद्याचंही बघून घ्या. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने क्रॅश गार्ड आणि बुल बार लावणाऱ्या गाड्यांवर कारवाई करा, असं राज्यांना कळवलं. विंचसोबत मोठा लोखंडी बंपर बसवण्याआधी आरटीओत विचारा, नाहीतर दंडही भराल आणि अपघातात विम्याचा वादही ओढवून घ्याल.

मग घ्यायचं काय?

फोर बाय फोर घेऊन हौसेने डोंगरात जाणाऱ्यांसाठी १०,००० ते १२,००० पाउंडांची इलेक्ट्रिक विंच, कप्पी, झाडाचा पट्टा, दोन शॅकल आणि फावडं. यातलं काही कमी करायचं असेल तर पाउंड कमी करा, पट्टा आणि कप्पी नाही.

पण मोलगी-धडगाव रस्त्यावर रोज धंदा करणाऱ्या पिकअपवाल्या दादांना मी वेगळं सांगेन. लाइनमन विजेच्या तारा ताणताना एक हाताने चालणारं यंत्र वापरतात ना? दांडा मागेपुढे करायचा आणि तार इंचाइंचाने सरकते. त्याचं मूळ नाव तिर्फोर, फ्रेंच यंत्र, नावाचा अर्थच 'जोरात ओढ'. आपल्याकडे उच्चार गावागणिक बदलतो. आत दोन जबडे आळीपाळीने तार पकडतात. ड्रम नाही, म्हणून थराचं नुकसान नाही. बॅटरी लागत नाही. जास्त ताण आला तर आतली पिन आधी तुटते, तार नाही. १.६ टन आणि ३.२ टन असे आकार मिळतात, आणि कप्पी लावली की तेच दुप्पट.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते गाडीला मागूनही लावता येतं. बंपरवरची विंच फक्त पुढे ओढते, म्हणजे ज्या खड्ड्यात चाललो होतो तिकडेच. घाटात बहुतेक वेळा मागे यायचं असतं.

शेवटची गोष्ट. सप्टेंबर २०२१ मध्ये चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला. आजारी बायकोला खांद्यावर घेऊन एक माणूस पायी निघाला, आणि ती वाटेतच गेली. त्या दरडीपुढे कोणतीच विंच चालली नसती. पेशंटला बांबूच्या झोळीतून आणतात, त्याला पेपरवाले 'बांबूलन्स' म्हणतात. त्यावरही विंच हा उपाय नाही. त्यावर उपाय रस्ता आणि दवाखाना हाच, आणि तो मागत राहिलं पाहिजे. तोपर्यंत जी पिकअप चालते आहे, तिच्या सीटखाली एक पट्टा, एक कप्पी, एक फावडं असू द्या. आणि दोर ताणला की पोरांना लांब करा.

भेटू पुढच्या भागात.